हातांच्या जागी काटक्या

शेक्सपियरच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ या सूडनाट्यात हात तुटतात, जीभ छाटली जाते, आणि शेवटी एका आईच्या ताटात तिच्याच मुलांचं मांस वाढलं जातं. खरी पंचाईत त्या रक्ताची नसते. एकामागून एक एवढं घडलं, की प्रेक्षागृहात कोणीतरी खुदकन हसतं आणि शोकांतिका तिथेच आटोपते. ज्युली टेमोरनं १९९९ साली यावर ‘टायटस’ हा चित्रपट काढला, तेव्हा या हसण्याची सोय तिनं आधीच करून ठेवली होती.

सुरुवात स्वयंपाकघरात होते. डोक्यावर कागदी पिशवी घातलेला मुलगा टेबलावर खेळण्यातले सैनिक लढवतोय. रक्त म्हणून केचप. खेळ चेकाळतो, बाहेर स्फोट होतो, आणि विदूषकासारखा एक माणूस त्याला उचलून थेट रोमन रिंगणात आणतो. तिथे चिखलानं माखलेलं सैन्य चावीच्या बाहुल्यांसारखं चालत येतं. हाच मुलगा पुढे नाटकाच्या नायकाचा, म्हणजे टायटसचा, नातू. नाटकात तो बराच उशिरा येतो. इथे मात्र पहिल्यापासून सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडतं. रथांशेजारी मोटारसायकली दिसतात आणि बादशहाचा वाडा म्हणून मुसोलिनीच्या काळातली कमानींची इमारत, तेव्हा नेमका कोणता काळ हे विचारायचं आपण सोडून देतो.

टेमोरचं कसब दिसतं ते लॅव्हिनियाच्या प्रसंगात. बलात्कारानंतर टायटसच्या या मुलीचे हात आणि जीभ कापून टाकलेली असते. ही जखम दाखवायची कशी? १९५५ साली पीटर ब्रुकनं रंगमंचावर व्हिव्हियन लीच्या मनगटांतून आणि तोंडातून लाल फिती सोडल्या होत्या. टेमोर लॅव्हिनियाला दलदलीतल्या एका खोडावर उभी करते, आणि पंजांच्या जागी असतात वाळक्या काटक्या. ही कल्पना हवेतून आलेली नाही. नाटकात तिचा काका मार्कस तिला पाहून लांबलचक भाषण करतो आणि तिच्या हातांना छाटलेल्या फांद्या म्हणतो. वाचताना ते भाषण मला नेहमी अवजड वाटायचं. टेमोरनं त्यातली उपमा उचलून तिच्या अंगावरच चढवली. पुढे तोच नातू मूर्तिकाराच्या दुकानातून आत्यासाठी लाकडी हात घेऊन येतो.

आपल्या मुलांच्या सुटकेसाठी टायटस स्वतःचा हात कापून देतो. बदल्यात जत्रेतल्या खेळासारखी एक गाडी दारात येते, बघ्यांसाठी घडीची स्टुलं मांडली जातात, गाडी उघडते, आणि आत असतात त्याच मुलांची मुंडकी. अँथनी हॉपकिन्सचा टायटस त्यानंतर हसतो. ते हसू शेक्सपियरनंच लिहिलेलं आहे. पण जत्रेच्या थाटानं आपल्या ओठांवर आलेलं हसू बापाच्या तोंडून ऐकू आलं, की घशातच अडकतं.

मग जेवणाचा प्रसंग. टायटस आचाऱ्याच्या पोशाखात, खिडकीत पडदे हलताहेत, ‘पाय’ (pie) गार व्हायला ठेवलेत. एखाद्या जाहिरातीत शोभावं असं हे दृश्य. आणि आत काय शिजलंय हे पाहुण्यांआधी आपल्याला ठाऊक असतं.

सगळे मेल्यावर तो मुलगा शत्रूचं तान्हं बाळ उचलतो आणि रिंगणाच्या कमानीकडे चालू लागतो. बाहेर उजाडत असतं. अगदी सावकाश चालतो तो.