शितावरून भाताची परीक्षा : संशोधनाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोयाबीन काढणीला आलं की बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या नांदूरघाट महसूल मंडळातही पीक कापणी प्रयोग होतात. कर्मचारी दोरी, खुंट्या आणि काटा घेऊन येतात. ठरलेल्या शेतात साधारण 10 बाय 5 मीटरचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून मळतात, तोलतात आणि पुढे जातात. अशा वेळी बांधावरून हमखास एक प्रश्न येतो : एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या मंडळाचं उत्पन्न कसं कळणार?

प्रश्न रास्त आहे. पण 'नमुना लहान म्हणजे आकडा खोटा' हा समज चुकीचा आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे याला महत्त्व नसतं, आच सगळीकडे सारखी लागली का याला असतं. नमुन्याचंही तसंच. त्याची अचूकता एकूण क्षेत्र किती यावर फारशी ठरत नाही. नमुने किती घेतले, शेताशेतात फरक किती आहे आणि मुख्य म्हणजे निवड कशी केली, यावर ती ठरते. कोणतं शेत आणि त्यात कोणता कोपरा, हे कोणाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छ आकड्यांनी ठरवायचं असतं. तिथे कोणी 'जरा बरं पीक' किंवा 'जरा वाईट पीक' निवडलं, तर हजार चौकोन कापूनही आकडा वाकडाच येईल.

या पद्धतीमागे एका मराठी माणसाचं मोठं काम आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातलं जगभर मानलं गेलेलं नाव. चौकोन फार लहान घेतला तर कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी त्यांचा या मुद्द्यावर मतभेद होता. तेव्हा चौकोनाचं माप हे कुणा कारकुनाने मनाने ठरवलेलं नाही, त्यामागे वाद आणि पुरावे आहेत.

मग शेतकऱ्याची तक्रार खोटी का? अजिबात नाही. हा प्रयोग मंडळाची सरासरी सांगतो, तुमच्या गटाचं उत्पन्न सांगत नाही. शेजाऱ्याचं पीक तरलं आणि तुमचं बुडालं, तर मंडळाचा आकडा बरोबर असूनही त्यावर ठरणारा पीक विमा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. भांडायचं असेल तर निवड नियमाने झाली का आणि मंडळ हे एकक योग्य आहे का, यावर भांडावं.

दुसरा समज दगडाबद्दलचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार काळ्या पाषाणाचं आहे, इथे भूकंप होत नाही, असंच मानलं जाई. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात काळा पाषाण 338 मीटरच निघाला. त्याच्याखाली फार जुना खडक होता. भूकंपाचा उगम यापेक्षाही कितीतरी खोल होता. 2002 मध्ये भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक सुधारलं, तेव्हा तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला.

त्या रात्रीनंतर मराठवाड्यात उलटा समज रुजला : दगडी घर म्हणजे मरण, सिमेंटचं म्हणजे सुरक्षित. पडलेल्या घरांच्या पाहणीतून वेगळंच दिसलं. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण त्या मातीत रचलेल्या दोन वेगळ्या थरांच्या, मध्ये खडी-माती भरलेल्या. दोन्ही थरांना धरणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाच्या पांढऱ्या मातीचं ओझं होतं. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांची नीट गुंफण आणि खिडकी-दाराच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा असेल, तर दगडी घर बऱ्यापैकी टिकतं. आणि सळई, वाळू, पाणी यांत कसर केलेलं सिमेंटचं घरही कोसळतं. गावोगाव नवी घरं बांधली जात असताना गवंड्याला हे विचारणारी माणसं मला फार कमी दिसतात, याचं वाईट वाटतं.

'शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं, मग विश्वास कशावर ठेवायचा?' हा आक्षेप माणसाच्या उत्क्रांतीवरून जास्त ऐकू येतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात बोरी इथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्यासोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेचं वय आधी सुमारे 14 लाख वर्षं निघालं. दुसऱ्या पद्धतीने ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं, तर काही संशोधकांनी ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. हा गोंधळ वाटतो, पण प्रत्येकाने आपली पद्धत उघड मांडली, म्हणूनच दुसऱ्याला ती तपासता आली. जे कधीच बदलत नाही, ते कोणी तपासलेलंच नसतं. आणि माणूस आजच्या माकडापासून झाला असं उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी, एवढंच ते म्हणतं.

आता बीडच्या सर्वांत दुखऱ्या विषयाकडे येतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, हे उघड झालं तेव्हा तीन आकडे फिरत होते. 2018 च्या कार्यकर्त्यांच्या एका पाहणीत 200 महिलांपैकी 72 जणींची, म्हणजे 36 टक्के महिलांची, शस्त्रक्रिया झालेली होती. 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणी निघाल्या, म्हणजे सुमारे 17 टक्के. आणि 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या महिलांचं प्रमाण होतं 2.6 टक्के. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, कार्यकर्त्यांनी फुगवलं. दुसरा म्हणाला, सरकारने दडवलं.

हे तीन आकडे तीन वेगळ्या समूहांचे आहेत. दोनशे जणींवरून साऱ्या जिल्ह्याचं प्रमाण ठरवता येत नाही, पण त्या दोनशे जणींनीच सगळ्यांना जागं केलं. समितीचा आकडा फक्त ऊसतोड महिलांचा. राज्याच्या आकड्याशी त्याची तुलना वयोगट लक्षात घेऊनच करावी लागते. तरीही सहापटींहून जास्तीची तफावत वयाच्या फरकाने पुसून जाईल, असं मला वाटत नाही. आकडा कमी निघाला म्हणून प्रश्न लहान झाला, हा निव्वळ गैरसमज आहे.

आकडा 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. ते कळायला बायकांशी बोलावं लागतं, आणि 'सामाजिक शास्त्र म्हणजे नुसती मतं' हा समज तिथेच गळून पडतो. बायकांनी जे सांगितलं ते असं : कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादमाची उचल आधीच घेतलेली; पाळीच्या त्रासाने एक दिवस चुकला की खाडा पडतो, पैसे कापले जातात. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही. लग्नं आणि बाळंतपणं लहान वयात झालेली. दुखणं घेऊन गेलं की काही डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात.

या साऱ्यातून 2019 मध्ये बीडच्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पण 'पिशवी काढली की कटकट मिटली' हा समज अजून जिवंत आहे. तरुण वयात पिशवी काढली तर पाळी जाण्याच्या वयातले बदल लवकर सुरू होऊ शकतात. सोबत बीजकोशही काढले तर ते लगेच सुरू होतात आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. घरातल्या कोणाला पिशवी काढायला सांगितली असेल, तर सोनोग्राफीचा कागद मागून घ्या, तो सरकारी रुग्णालयात दाखवा, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत आल्याशिवाय सही करू नका.