जीएचे पीपीएम कसे काढाल?

द्राक्षबागेत जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून १ ग्रॅम आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाणी घालत १ लिटर करा. हे १००० पीपीएमचे मूळ द्रावण. पावडर ९० टक्के शुद्ध असेल तर १.११ ग्रॅम लागते. लेबल न वाचणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो.

२०० लिटरच्या टाकीला २० पीपीएम हवे? २० गुणिले २००, भागिले १०००, म्हणजे ४ लिटर मूळ द्रावण. ते अर्ध्या भरलेल्या टाकीत ओतून २०० लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. पूर्ण २०० लिटर पाण्यात ओतले तर १९.६ पीपीएम येईल, त्याचे फारसे बिघडत नाही. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्र मात्रा दहापट होते.