चकवा लागलेली वीस वर्षं

आजोबांना चकवा लागला तो थेऊरच्या कारखान्यावर ऊस टाकून परत येताना. रस्ता रोजचा, बैलही रोजचे. तरी मांजरीच्या पुढे एकच बाभूळ तीनदा समोर आली. तीच कशावरून, तर खालच्या फांदीला अडकलेलं लाल फडकं तेच होतं. तिसऱ्या खेपेला आजोबांनी गाडी थांबवली, बैल सोडून चाकाला बांधले, तळहातावर तंबाखू मळली आणि तांबडं फुटेपर्यंत जागचे हलले नाहीत. उजाडल्यावर पाहतात तर हडपसरची वेस हाकेच्या अंतरावर. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा फडक्यापाशी आली की आवाज खाली आणायची. अंधाराची, बाभळीची मला कधी भीती वाटली नाही. फडक्याची वाटायची.

पुढे मी व्हिडिओ गेम खेळायला लागलो, तेही बहुतेक भुताखेतांचे. तलवार, मंत्रतंत्र, समोर अमानवी शक्ती आणि एकेक लढाई जिंकत बळकट होत जाणारा नायक, या जातीच्या खेळांना अॅक्शन आरपीजी, म्हणजे अॅक्शन रोल-प्लेइंग गेम, म्हणतात. गेली वीसेक वर्षं माझा क्रम ठरलेला आहे. घोषणा झाली की ट्रेलर चार वेळा पाहायचा, तारीख लक्षात ठेवायची, ती पुढे गेली की चिडायचं. आणि खेळ हातात आला की पहिल्या अर्ध्या तासात एकच गोष्ट शोधायची. यात ते फडकं आहे का?

पहिली मोठी वाट पाहिली ती २००४ साली, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची. खेळ जगात २००३च्या अखेरीस आला होता. आमच्यापर्यंत तो हडपसरच्या गाडीतळाजवळच्या एका दुकानातून आला, झेरॉक्सचं कव्हर आणि सीडीवर मार्करने लिहिलेलं नाव अशा अवस्थेत. घरी येऊन सीडी घातली, अर्धा तास इन्स्टॉल होताना पाहिलं आणि खेळ सुरूच होईना. माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्या काळी घरोघरी असायचं ते एमएक्स ४४० ग्राफिक्स कार्ड होतं, आणि या खेळाला त्याच्या वरचं लागत होतं. कॉम्प्युटर ‘अभ्यासासाठी’ आणलेला असल्यामुळे वडिलांकडे नव्या कार्डाचा विषय काढायची सोय नव्हती. सहा महिने मी मासिकांतली चित्रं बघून तो खेळ मनातल्या मनात खेळत होतो.

शेवटी बी. टी. कवडे रोडच्या एका मित्राकडे योग आला. पहिलाच प्रसंग भारतातला निघाला. पर्शियाची फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जाते, तिथली जादूची वाळू लुटते आणि त्या वाळूने माणसांची पिशाच्चं होतात. राजपुत्राला साथ देणारी फराह ही त्या महाराजाचीच मुलगी. खेळ बनला होता कॅनडातल्या माँट्रियलला. तो राजवाडा कुठल्याच भारतातला वाटत नव्हता, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्ही राजपुत्राच्या जादूच्या खंजिरावर खूश होतो. दरीत पडलात तर बटण दाबायचं, काळ काही क्षण मागे फिरतो. पुढे वर्षभर क्रिकेटमध्ये कुणी रनआउट झाला की ओरडा व्हायचा, ‘रिवाइंड मार रे!’

याच वर्षांत भोवतालचं हडपसर बदलत होतं. मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र करून तिथे आखीव शहर उभारायला घेतलं होतं. ज्या वावरांत आजीची भुतं राहायची तिथे काचेचे मनोरे आले आणि रात्रपाळीच्या कॅब फिरू लागल्या. २००८ साली गेम बनवणाऱ्या गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबीसॉफ्टने घेतला. म्हणजे ‘प्रिन्स’वाली कंपनीच पुण्यात आली. आमच्यातल्या कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाला तसल्याच एका स्टुडिओत चाचणीचं काम मिळालं. दिवसभर खेळायचं आणि चुका शोधायच्या, त्याचा पगार. त्याच्या आईला हे लग्नाच्या स्थळांना सांगता येईना. ती ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ म्हणायची. आम्हाला मात्र वाटलं, आता दोन-चार वर्षांत पुण्याचा असा खेळ येणार.

आला तो पोलंडचा. ‘द विचर ३’ आधी २०१४च्या अखेरीस येणार होता, मग २०१५चा फेब्रुवारी सांगितला आणि शेवटी १९ मे २०१५ला आला. तोवर माझी नोकरी लागली होती, कार्डासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. खेळाच्या पहिल्याच भागात एका ओसाड वस्तीतली विहीर येते. भर दुपारी तिथे बाई दिसते म्हणून गावकरी पाण्याला जात नाहीत. पैसे घेऊन राक्षस मारणारा नायक गेराल्ट आधी तलवार काढत नाही. तो विचारपूस करतो, जुनी डायरी वाचतो, विहिरीत उतरतो, तळातून बांगडीसारखा एक दागिना शोधून आणतो. तो जाळल्याशिवाय ती बाई सुटणार नसते. तिचा जीव त्यात अडकलेला.

मी खेळ थांबवला आणि उठून पाणी प्यायलो. बाराच्या टळटळीत उन्हात विहिरीवर जायचं नाही, हे मला पोलंडच्या कुणी सांगायची गरज नव्हती. आजीने सांगितलं होतं. मेलेल्या बाईचं मन कशात अडकलंय ते शोधून काढायचं, हेही आमच्याकडच्या कुठल्याही जाणत्याला ठाऊक असतं. दुपारच्या बाईची ही कथा स्लाव्ह लोकांची, पिढ्यान्‌पिढ्या शेतावरून आलेली. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांनी आपल्या कथांत तिकडच्या लोककथांचा हा सगळा गोतावळा घेतला आणि सीडी प्रोजेक्ट या कंपनीने त्यावर खेळ रचला.

या कंपनीचा पूर्वेतिहास वाचला तेव्हा गाडीतळाचं दुकान आठवलं. १९९४ साली दोन मित्रांनी ती सुरू केली ती परदेशी खेळांच्या सीडी आणून विकण्यासाठी. नकली सीडींचा सुळसुळाट तिथेही होता. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा परक्यांचा खेळ नामवंत नटांच्या आवाजात संपूर्ण पोलिशमध्ये आणला आणि लोकांनी तो पैसे मोजून घेतला. आधी दुसऱ्याचा खेळ आपल्या भाषेत बोलता केला, मग स्वतःची भुतं काढली. हा क्रम माझ्या लक्षात राहिला.

मग ‘राजी’ची बातमी आली. ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा खेळ. संस्थापक अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड. देव-दानवांच्या युद्धात राखीच्या दिवशी भाऊ पळवला गेलेली, सर्कशीत वाढलेली मुलगी नायिका. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर त्या दिवशी सुतकी कळा होती. आणि आमच्यापैकी वर्गणी कोणी दिली होती? एकानेही नाही. सगळे दुसरा देईल म्हणून थांबलेले.

खेळ तरी पूर्ण झाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडोच्या कार्यक्रमात घोषणा झाली आणि त्याच दिवशी तो स्विच या यंत्रावर आलासुद्धा. गंमत अशी की हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्याचा खेळ आधी परदेशातल्या मुलांनी खेळला आणि आम्ही त्यांचे व्हिडिओ बघत बसलो. आमच्यासाठी तारीख होती १५ ऑक्टोबर. ते दिवस कोरोनाचे, आणि हडपसरातल्याच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या लशीकडे देश डोळे लावून बसला होता. त्यापुढे गेमची वाट पाहणं म्हणजे चैनच होती, पण आम्ही ती केली.

मधल्या काळात, १० सप्टेंबरला, आणखी एक ट्रेलर आला. ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनतोय, आणि बनवतायत युबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. सोळा वर्षांपूर्वी माझ्या कार्डावर न चाललेला खेळ आता माझ्याच शहरात घडत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर जगभर टिंगल चाललेली. चेहरे लाकडी, चित्र जुनाट, हे कसलं नवं रूप! आमच्या ग्रुपवर तर परदेशी लोकांहून कडक भाषा होती. ‘म्हटलं होतं ना, आपल्याला जमणार नाही.’ प्रदर्शनाची तारीख जानेवारी २०२१वरून मार्चला गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम पुन्हा माँट्रियलकडे गेल्याचं जाहीर झालं. तो नवा ‘प्रिन्स’ माझ्या हाती काही पडला नाही.

आणि ‘राजी’? १५ ऑक्टोबरच्या रात्री डाउनलोड संपला तेव्हा दीड वाजला होता. पहिला तास मी हरखून गेलो होतो. राजस्थानी ढंगाचे महाल, झरोके, कमानी, नक्षीचे खांब. मुलगी त्या खांबावर डोंबाऱ्याच्या पोरीसारखी सरसर चढते, गरकन फिरते आणि खालच्या राक्षसावर झेप घेते. हातात दुर्गेचा त्रिशूळ, पुढे विष्णूचं धनुष्य. कथा सांगायला खुद्द दुर्गा आणि विष्णू, एकमेकांशी बोलत. भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की त्यामागची पुराणकथा कानावर पडते. पहाटे चारला मी ग्रुपवर लिहिलं, ‘जगाच्या तोडीचा आहे. डोळ्यांत पाणी आलं.’

तीन दिवसांनी एका मित्राने विचारलं, ‘हाच गेम चेकोस्लोव्हाकियाचा असता तर तू काय लिहिलं असतंस?’ तो देश आता नाही हे सांगून मी विषय टाळला, पण प्रश्न बरोबर होता. परक्याचा असता तर लिहिलं असतं की देखणा आहे, पण पाच-सहा तासांत संपतो. राक्षस रिंगणात येतात, मरतात, पुढच्या रिंगणात तसेच पुन्हा येतात. शेवट तर जेवणातून उठवल्यासारखा. रोल-प्लेइंगचा भागही वरणातल्या जिऱ्याएवढा. शक्तींची थोडी निवड, बस. ‘प्रिन्स’ला आम्ही नापास केलं आणि ‘राजी’ला डोक्यावर घेतलं, तेही पाच आठवड्यांच्या अंतराने. दोन्ही वेळा पडद्यावरचा खेळ कमी पाहिला, पुण्याचं प्रगतिपुस्तक जास्त.

डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं. पुरस्कार गेला ‘फास्मोफोबिया’ला. चार जणांनी टॉर्च घेऊन भूत लागलेल्या घरात शिरायचं, एवढाच तो खेळ. देव हरले, भूत जिंकलं, असं मी गमतीने म्हटलं आणि मग त्यावरच विचार करत बसलो.

कारण इतक्या वर्षांच्या वाट पाहण्यातून माझ्या हाती एवढंच लागलंय, की देव अखिल भारतीय असतात, भुतं मात्र गावची असतात. दुर्गा आणि विष्णू कुठल्याही प्रांतात ओळखू येतात, म्हणून जगासमोर जाताना त्यांना पुढे करणं सोपं. पण देव पाहून हात जोडले जातात, अंगावर काटा येत नाही. काटा यायला पत्ता लागतो. कुठला पिंपळ, कुठली विहीर, किती वाजता. मुंजा पिंपळावरच असतो, वेताळाची पालखी ठराविक वाटेनेच जाते. आणि पत्ता बोलीत असतो. ‘राजी’ची पात्रं इंग्रजीत बोलायची, २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. ‘तुंबाड’ आणि ‘मुंज्या’ हे सिनेमे कोकणातून उचलले, तेही हिंदीत बोलले. आमच्या भुतांनी घर सोडलंय, पण घरची बोली घेऊन अजून कुणी निघालेलं नाही.

म्हणून ‘राजी’ मला कमी आवडते असं नाही. मागच्या दिवाळीत ती पुन्हा खेळलो, या वेळी भाच्याबरोबर. आता ना डोळ्यांत पाणी आलं, ना बचाव करावासा वाटला. खांबावरची ती गिरकी तेवढी पाच वर्षांनीही तितकीच सुंदर दिसली. भाचा बारा वर्षांचा. मोबाइलवरच्या बीजीएमआय या गोळीबाराच्या खेळावर वाढलेला, त्यामुळे रिंगणातले राक्षस त्याने भराभर संपवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला, ‘मामा, भीतीवाला दे ना एखादा.’

मी त्याला आजोबांचा चकवा सांगितला. बाभूळ, बैल, लाल फडकं. आजीसारखा आवाज खाली आणायला मला जमत नाही, तरी तो सरकून जवळ बसला.

‘मग सुटायचं कसं त्यातून?’ त्याने विचारलं.

‘सुटायचं नाही. जितकं चालशील तितकं फिरून तिथेच येशील. बैल सोडायचे आणि उजाडेपर्यंत बसून राहायचं.’

‘काहीच करायचं नाही?’

‘वाट पाहायची.’

त्याने जरा विचार केला. ‘बाकी गेम भारी आहे,’ तो म्हणाला, ‘पण बसून राहायचं बटण कुठलं ठेवणार?’