न दिसलेल्याचें मोजमाप

"सर, जी गोष्ट कोणीं पाहिलीच नाहीं, ती मोजली असें कसें म्हणतां येईल?" पदार्थविज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न केला. तास संपत आला होता आणि माझें उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करतों.

प्रश्न डी-शून्य नांवाच्या कणाविषयीं होता. क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीनें बनलेल्या कणास मेसॉन म्हणतात. चार्म जातीचा क्वार्क ज्यांत असतो अशा मेसॉनांपैकीं डी-शून्य हा सर्वांत हलका. त्याचें वस्तुमान प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट. आयुष्य मात्र असें कीं, एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील अर्धा भागहि सरासरीनें त्याच्या वांट्यास येत नाहीं. तेवढ्यांत त्याचें विघटन होऊन दुसरे हलके कण निघतात. हजारांत सुमारें ४० वेळां एक केऑन व एक पायॉन निघतो. हजारांत एकदां-दीडदां दोन विरुद्ध भारांचे पायॉन. दोन म्यूऑन निघण्याची शक्यता मात्र अत्यंत अल्प.

मग त्यांच्यामागें लागावें कां? केऑनपासून दोन म्यूऑन जितके निघावयास हवे होते तितके निघत नाहींत, हें एक जुनें कोडें होतें. ग्लॅशो, इलिओपुलोस व मैआनी यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, त्या वेळीं मानलेल्या तीन क्वार्कांखेरीज चौथा मानला, तर दोन परिणाम परस्परांस जवळजवळ खोडून काढतात. तो चौथा क्वार्क तेव्हां कोणींहि पाहिला नव्हता! १९७४ सालीं टिंग व रिक्टर यांच्या दोन स्वतंत्र तुकड्यांना त्याचा पुरावा मिळाला आणि १९७६ सालीं डी-शून्यहि सांपडला. एका घटनेच्या दुर्मिळतेवरूनच अज्ञाताचा सुगावा लागला होता. डी-शून्याच्या बाबतींत ही खोडाखोड अधिकच पुरती होते. म्हणून तेथें अपेक्षेबाहेर म्यूऑन दिसले, तर तें एखाद्या नव्या कणाचें पाऊल असूं शकेल.

हा शोध जिनीव्हाजवळील सर्न येथें चालतो. २७ किलोमीटर परिघाच्या भुयारांत प्रोटॉन समोरासमोर आदळवितात, आणि एलएचसीबी नांवाचें उपकरण बाहेर पडणाऱ्या कणांची नोंद घेतें. एकूण किती डी-शून्य जन्मले हें थेट मोजणें कठीण, कारण पुष्कळसे नजरेंतून सुटतात. यासाठीं ज्या विघटनांचें प्रमाण आधींच ठाऊक आहे, त्यांच्याशीं तुलना करतात. चाळणींतून किती सांडलें हें कळलें नाहीं, तरी सारख्या आकाराचे दाणे सारख्याच प्रमाणांत सांडतात, हें आपल्या घरांतील कोणतीहि गृहिणी सांगेल.

खरी अडचण सोंगाची आहे. लोखंडाच्या जाड भिंती ओलांडून पलीकडे पोहोंचतो तो म्यूऑन, असा सामान्य नियम. पण पायॉनचें वस्तुमान म्यूऑनच्या निकटचें, आणि कधीं कधीं तर तो वाटेंतच म्यूऑन होऊन बसतो. दोन पायॉनांचें विघटन आपल्या इष्ट विघटनाहून निदान लाखों पटींनीं अधिक, तेव्हां थोडीं सोंगेंहि घात करतील. सुदैवानें, पायॉनांना म्यूऑन समजून बेरीज केली, तर येणारें वस्तुमान डी-शून्याहून किंचित् कमी भरतें, आणि सोंग बरेंचसें उघडें पडतें. शिवाय निवडीचे नियम ठरेपर्यंत, जेथें उत्तर दिसावयाचें ती जागाच झांकून ठेवण्याचा प्रघात अशा शोधांत आहे. उत्तरपत्रिकेवरील नांवावर कागद चिकटवितात, त्यांतलाच हा प्रकार. मला तरी या साऱ्यांत हीच गोष्ट अधिक आवडते.

२०११ ते २०१८ या काळांतील नोंदी तपासून एलएचसीबीच्या संशोधकांनीं २०२३ सालीं निकाल प्रसिद्ध केला. म्यूऑनांची जोडी खात्रीनें सांपडली नाहीं; परंतु असें विघटन शंभर कोटींमागें ३·१ हून अधिक वेळां होत नाहीं, असें शेंकडा ९० खात्रीनें त्यांना म्हणतां आलें. त्यांनीच १० वर्षांपूर्वीं दिलेली मर्यादा याच्या दुप्पट होती. मोजली गेली ती घटना नव्हे, तिची कमाल मर्यादा होय. प्रचलित सिद्धान्ताप्रमाणें खरें प्रमाण याहूनहि हजारों पटींनीं लहान असावें; कांहीं नवें दडलें असेल, तर त्याला अद्याप तेवढी जागा मोकळी आहे.