कानात वारे शिरले!

वासराच्या कानात वारे शिरले की ते शेपूट वर करून उधळते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोटारसायकलवरून भरधाव जाणाऱ्या पोराकडे पाहूनही घरातली वडीलधारी मंडळी हेच म्हणतात. म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे त्याची धाव असते. कानाचा विचार कोणी करीत नाही. परंतु या म्हणण्यात अक्षरशः खरे असे काही आहे, हे मला राजेंद्र नगरातल्या एका संध्याकाळी कळले, आणि तेही माझ्या भाच्यामुळे.

भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. राजेंद्र नगरातून राऊवरून जायचे, वीसेक किलोमीटरचा रस्ता. सकाळी फटफटी काढतो, सायंकाळी परततो. हा मुलगा तबला मोठा गोड वाजवतो. त्या दिवशी आमच्याकडे घरगुती बैठक होती. उशीर झाला म्हणून तो कामावरून थेट आला, हेल्मेट कोपऱ्यात ठेवले आणि हातोडी घेऊन तबला लावायला बसला. एरवी दोन मिनिटांत लागणारा तबला त्या दिवशी दहा मिनिटे झाली तरी लागेना. गाणाऱ्या बाई तंबोऱ्यावरची बोटे न थांबवता नुसती मान हलवीत होत्या.

"मामा, तंबोरा आज गादीखाली ठेवल्यासारखा का वाजतोय?" त्याने हळूच मला विचारले.

त्याचे गुरुजी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "तंबोरा जागच्या जागी आहे रे. तुझे कान अजून राऊच्या रस्त्यावर आहेत. चहा घे, जरा स्वस्थ बस, मग लाव."

तासाभराने तबला लागला आणि बैठकही रंगली. मंडळी ती गोष्ट विसरून गेली. मला मात्र गुरुजींचे ते वाक्य काही केल्या विसरता येईना. एका तासाने जे परत आले, ते एखादे दिवशी परत आलेच नाही तर?

कान सुन्न होण्याचे कारण विचारले की बहुतेकजण गाडीच्या इंजिनाकडे बोट दाखवतात. ताशी तीसचाळीसच्या वेगापर्यंत ते बरोबरही आहे. परंतु वेग साठपासष्टच्या पुढे गेला की इंजिनाचा आवाज मागे पडतो आणि स्वाराच्या कानात जो घोंघावतो तो निव्वळ वारा. गाडी कितीही नवी, कितीही निःशब्द असो, हा वारा चुकत नाही.

वारा आवाज तरी कसा करतो? महेश्वरला गेलेल्यांनी सहस्रधारा पाहिली असेल. वरच्या अंगाला नर्मदेचे पाणी कसे गंभीर आणि मुके असते! तेच पाणी खडकांवर आले की फुटते, भोवरे धरते आणि गर्जू लागते. हवेचेही तसेच आहे. सरळ वाहणारी हवा गप्प असते. तिच्या वाटेत काही आडवे आले की ती फाटते, मागे भोवरे सोडते, आणि हे भोवरेच आवाज करतात. तारायंत्राच्या तारा वाऱ्यात गुणगुणतात त्या याच न्यायाने. या गुणगुणण्याचा स्वर तारेची जाडी आणि वाऱ्याचा वेग यांवर ठरतो, हे स्ट्रौहाल या शास्त्रज्ञाने १८७८ सालीच दाखवून दिले होते. मोटारसायकलवर तो आडवा आलेला खडक म्हणजे आपले डोके. फरक इतकाच की सहस्रधारेचा खडक बहिरा आहे.

आता थोडे आकडे पाहू. ब्रिटनमध्ये मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटच्या आत, अगदी कानापाशी, ध्वनिग्राहक बसवून मोजमापे झाली आहेत. ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० ला सुमारे ११० डेसिबल, असे ते आकडे आहेत. डेसिबलचे गणित बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलमागे आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणूनच अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली केलेली शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासच ऐकावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि शंभरावर गेलात तर अवघी पंधरा मिनिटे. हा कानाचा रोजचा शिधा समजावा.

माझ्या भाच्याचा हिशेब या मापाने करून पाहिला. रस्ता मोकळा मिळाला असे धरू. ताशी ६० ने गेला तर जायला वीस मिनिटे आणि यायला वीस. नव्वद डेसिबलचा शिधा आहे सुमारे अडीच तासांचा. त्यातली चाळीस मिनिटे खर्च झाली, बरेच शिल्लक राहिले. आता हाच मुलगा ताशी ८० ने गेला, तर वरच्या दोन आकड्यांच्या मधला अदमास घेता आवाज ९६ डेसिबलच्या घरात जातो. तेथे शिधा आहे अवघ्या अडतीस मिनिटांचा, आणि त्याला लागतात तीस. दोन्ही फेऱ्यांत मिळून दहा मिनिटे वाचली, पण कानाची पोतडी जवळजवळ रिकामी झाली. त्यात कारखान्यातला आवाज धरलेलाच नाही. हिशेब ढोबळ आहे. हेल्मेट, गाडी आणि अंगकाठी यांप्रमाणे आकडे मागेपुढे होतील. पण त्यातला अर्थ बदलत नाही.

खर्चाचे पर्यवसान कशात होते, हे इंदूरला सांगायला नको. या शहराने कापडगिरण्यांचा जमाना पाहिला आहे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. पण माग चालणाऱ्या खात्यात उमर घालवलेली माणसे घरी आल्यावरही ओरडून बोलत, आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखत, हे पुष्कळांना आठवत असेल. आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाचा मारा झाला की त्या थकून मलूल होतात. विसावा मिळाला तर बऱ्याचशा सावरतात. रोज रोज मारा झाला तर मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. भाच्याचा तंबोरा 'गादीखाली' गेला होता तो या थकव्यामुळे.

येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. पीथमपूरला वाहनांच्या चाचण्यांचे मोठे राष्ट्रीय केंद्र आहे, नॅट्रॅक्स. सुमारे हजार एकरांवर ते पसरले आहे, आणि तेथील ११.३ किलोमीटरच्या अतिवेगाच्या धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. वाहनाचा आवाज मोजण्यासाठीही तेथे निराळी धावपट्टी आहे. वाहन धावत जाते, आणि त्याच्या मार्गापासून साडेसात मीटर अंतरावर ध्वनिग्राहक लावून मोजणी होते, अशी ही रीत आहे. २००५ सालापासून आपल्याकडे ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबलची आणि त्याहून मोठीला ८० डेसिबलची मर्यादा घातली गेली. हे योग्यच झाले, कारण रस्त्याकडेच्या माणसाच्या कानाची काळजी कायद्याने घेतली. पण गाडीवर बसलेल्याच्या स्वतःच्या कानात ९६ डेसिबल शिरतात, ते कोणी मोजायचे? ते माप ज्याचे त्यानेच ठेवायचे आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय फुकटचा आहे: वेग आवरणे. ऐंशीवरून साठवर आल्याने कानाला जे मिळते, ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

दुसरा उपाय हेल्मेटचा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हेल्मेट डोके वाचवते. ते कान वाचवण्यासाठी बनवलेले नाही. त्याच्या आतला फोम वरचे तीव्र स्वर थोडेफार अडवतो, परंतु वाऱ्याची खर्जातली घरघर त्यातून सरळ आत येते. म्हणून हेल्मेट काढून ठेवावे असे मात्र कोणी समजू नये! बहिरेपण सोसेल, फुटलेले डोके सोसणार नाही. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाचीच हेल्मेटे बनवण्या-विकण्याचा नियम आहे. तसेच घ्यावे, आणि गालांना घट्ट बसेल असे घ्यावे. डोक्यावर डुगडुगणारे हेल्मेट म्हणजे वाऱ्याला उघडे दारच. पुढची काच पूर्ण लावावी, तिचे रबर फाटले असल्यास बदलावे, आणि हेल्मेटवर कॅमेरे, शिंगे, तुरे असले काही चिकटवू नये. जितके उंचवटे, तितके भोवरे.

तिसरा उपाय मला सर्वांत मौजेचा वाटला. बाथ येथील दोन्ही विद्यापीठांच्या संशोधकांनी वारा सोडण्याच्या बोगद्यात हेल्मेट घातलेला पुतळ्याचा मस्तक ठेवून आणि रस्त्यावरही गाडी चालवून २०११ साली शोध घेतला, की हा आवाज नेमका येतो कुठून. कानाजवळून येत असेल असे वाटावे. पण निघाले भलतेच. हनुवटीखाली, हेल्मेटची कड आणि गळा यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तेथे मोठा आवाज तयार होतो आणि आतून कानाकडे चढतो. म्हणजे दार पुढचे बंद आणि परसदार सताड उघडे! ते परसदार बंद करायला माळव्यात काही आणायला नको. थंडीतला मफलर, उन्हाळ्यातला गमछा, मुली तोंडाभोवती बांधतात तो स्कार्फ, यांपैकी काहीही गळ्याभोवती नीट गुंडाळून हनुवटीखालची फट भरून काढावी. "गळ्याला काहीतरी गुंडाळ, कानात वारा जाईल," असे आपल्या आज्या म्हणत, ते त्या सर्दीच्या भीतीने म्हणत असतील. पण सल्ला अचूक होता. मात्र एक काळजी प्राणांतिक महत्त्वाची आहे. टोके आत, सदऱ्याखाली खोचावीत. मागे फडफडणारे टोक चाकात किंवा साखळीत अडकले तर आवाजाचा प्रश्न कायमचा मिटेल.

चौथा उपाय गाडीच्या पुढच्या काचेचा. काच लावली म्हणजे वारा थांबला, असे नाही. काचेच्या माथ्यावरून उसळलेली हवा फाटलेली असते. ती नेमकी हेल्मेटवर आदळली तर पहिल्याहून जास्त गोंगाट होतो. डोके एकतर काचेच्या आडोशात तरी हवे, नाहीतर स्वच्छ वाहत्या हवेत तरी. मधल्या उसळीत नको. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर किंचित वाकून पाहावे, मग किंचित ताठ व्हावे. वाकल्यावर आवाज कमी झाला तर काच थोडी उंच हवी. ताठ झाल्यावर कमी झाला तर थोडी बुटकी.

आणि पाचवा उपाय, लांबच्या प्रवासाला अत्यंत आवश्यक असा: कानातले फोमचे बोळे. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा फोमचा बोळा नीट बसला तर वीसेक डेसिबल सहज उतरतात. हात स्वच्छ करून तो चिमटीत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढावी, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो फुगून बसतो. "मग हॉर्न कसा ऐकू येणार?" असे भाच्याने विचारलेच. उत्तर असे की बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच उतरवतो. वाऱ्याच्या कल्लोळात बुडणारा हॉर्न शांत कानाला निदान तितकाच ओळखू येतो. गावात, गर्दीत, मंद चालीला मात्र बोळे काढून ठेवावेत. आणि बोळ्यांऐवजी गाणी लावलेल्या नळ्या कानात घालणे म्हणजे आगीवर तूप.

हे सारे सांस्कृतिक पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. इंदूर हे कानांचे शहर आहे. लता मंगेशकर १९२९ साली याच गावी जन्मल्या, आणि आमच्या राजेंद्र नगरातल्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. उस्ताद अमीर खाँसाहेब याच गावी वाढले. त्यांची ती अतिविलंबित झूमऱ्यातली बढत, मंद्रात रेंगाळणारा तो स्वर, हे ऐकायला उतावळा कान चालत नाही आणि थकलेलाही चालत नाही. गाणे गाणाऱ्याने जपायचे, तसे ऐकणाऱ्याने कान जपायचे. सभागृहे बांधता येतात, ध्वनिक्षेपक वाढवता येतात, पण रसिकाच्या कानातली मेलेली पेशी कोणालाच जिवंत करता येत नाही.

पुढच्या बैठकीला भाचा आला तो भर वैशाखात गळ्याला गमछा गुंडाळून. मंडळी हसली. त्याने हेल्मेट ठेवले, गमछा सोडला, कानांतले बोळे काढून डबीत घातले आणि गुरुजींना नमस्कार करून तबल्यापाशी बसला. हातोडीचे तीनचार ठोके, एक थाप. बाईंनी मान हलवली नाही. डोळे मिटले आणि षड्ज लावला.

"किती वाजता निघाला होतास?" मी नंतर विचारले.

"नेहमीपेक्षा पाच मिनिटे आधी, मामा," तो म्हणाला.