कागदावरची रेघ, मागावरचं चित्र

मैत्रिणींनो, भिवंडी-शेलारकडे ज्यांचं घर आहे त्यांना यंत्रमागाची खडखड नवी नाही. तिथे तागेच्या तागे एकसारखं कापड निघतं. आज मात्र विणून काढलेल्या चित्राविषयी, म्हणजे टॅपेस्ट्रीविषयी बोलू या. नाव परकं, पण रीत आपल्या पैठणीचीच! पदरावरचा मोर नीट पाहा. हिरवा धागा मोरापुरताच जातो आणि मागे वळतो. पुढे दुसऱ्या रंगाची कांडी. टॅपेस्ट्री अशीच विणतात.

त्याआधी चित्रकार कागदावर एक कच्चं रेखाटन करतो. दिसायला साधंच, पण सगळे निर्णय तिथे होतात. मागावर गोल रेघ पायरीपायरीने चढते. दोन रंगांची कड सरळ उभी आली तर मध्ये फट पडते. मग धागे एकमेकांत अडकवावे लागतात. हे ठाऊक नसेल तर कागदावरचं सुरेख चित्र मागावर फसतं, आणि उसवायचं म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत वाया!

राफाएलने १५१५-१६ च्या सुमारास रोमच्या सिस्टाइन चॅपेलसाठी अशी चित्रं काढली, तीही उलटी. कारण ब्रुसेल्सचे विणकर मागच्या बाजूने विणत. विणकरांनी ते कागद कापून पट्ट्या केल्या होत्या. तरी त्यांतली सात चित्रं आज लंडनच्या संग्रहालयात जपलेली आहेत. आपल्या देशात ल कार्बुझिए यांनी चंडीगडच्या उच्च न्यायालयासाठी टॅपेस्ट्रीचे आराखडे केले. त्या १९५०च्या दशकात काश्मीरच्या कारागिरांनी विणल्या. भिंतींची शोभा तर झालीच, शिवाय दालनात आवाज घुमायचाही कमी व्हावा हा हेतू.

आणि आपले प्रभाकर बरवे! अलिबागजवळच्या नागावचे हे चित्रकार १९६१ पासून १९८२ पर्यंत विणकर सेवा केंद्रात होते, आधी वाराणसीला, मग मुंबईला. चित्रकाराने काढायचं आणि विणकराने कापडात उतरवायचं, असं तिथलं काम.

तुम्हीही करून पाहा. जुन्या फ्रेमला वर-खाली समान अंतरावर खिळे ठोका, जाड सुती दोरा ताणून बांधा. तेवढ्याच मापाचं रेखाटन दोऱ्यांमागे लावा. उरलेली लोकर बोथट सुईने एकाआड एक दोऱ्यातून ओवा आणि फणीने खाली दाबा. धागा कमानीसारखा सैल सोडा, बरं का! ओढलात तर कडा आत येतात आणि चित्राची कंबर बारीक होते.

झाल्यावर मागे विणणारीचं नाव आणि तारीख घाला. मोठमोठ्या टॅपेस्ट्रीवर चित्रकाराचं नाव राहिलं, विणणारे हात बहुधा बिननावाचेच गेले. आणि तो रेघोट्यांचा कागद टाकू नका. सासूबाईंची रांगोळीची वही, आईने कशिद्यासाठी टिपून ठेवलेले नमुने कपाटात असतील, तर तेही रद्दीत घालू नका. विणलेलं विरतं, रांगोळी पुसली जाते. ती हातची रेघ मात्र कागदावरच राहते.