प्रसूतीची तारीख कशी काढतात? नेगेले यांचा नियम आणि त्याची मर्यादा

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात आणि प्रसूतीची तारीख सांगतात. हा हिशोब फ्रान्झ कार्ल नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञांच्या नावाने ओळखला जातो.

नेगेले कोण होते?
त्यांचा जन्म १७७८ साली ड्युसेलडॉर्फमध्ये झाला. पुढे ते हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८५१ मध्ये तिथेच वारले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती आणि बहुतेक बाळंतपणं सुइणी करत. नेगेले यांनी १८३० मध्ये खास सुइणींसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा एका बाजूने अरुंद असेल तर प्रसूती का अडते, हे त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं.

नियम काय आहे?
शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवा आणि ३ महिने मागे जा. पाळी १० जूनला आली असेल, तर अपेक्षित तारीख पुढच्या वर्षी १७ मार्च. हे सुमारे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे होतात. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ याच्या अगदी जवळ जातात.

तारीख कधी चुकते?
पाळी दर २८ दिवसांनी नियमित येते, असं हा नियम धरून चालतो. तुमचं चक्र ३५ दिवसांचं असेल, तर तारीख साधारण आठवडाभर पुढे जाते. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी अधिक भरवशाची. तो रिपोर्ट जपून ठेवा. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख दिसली, तरी सहसा सुरुवातीचीच धरतात.

तारीख उलटली तर?
नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. त्यामुळे एक-दोन दिवस वर गेले म्हणून घाबरू नका, पण घरी वाट बघत बसूही नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. ४१ आठवड्यांनंतर बाळाला धोका वाढू लागतो, म्हणून कळा सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर तारीख कितीही लांब असो, ताबडतोब रुग्णालयात जा.